वेलचीच्या जागी

"मी जन्मभर बिड्या वळल्या. मसाले कधी कांडले गं?" लंडनहून आलेल्या लेकीला मी विचारलं. तिच्या इंग्रजी कादंबरीचं मराठी भाषांतर माझ्या मांडीवर होतं; त्यातली आई पानोपानी मसाले कांडत होती. ते वाचता यावं म्हणून मी साठीत अक्षरं गिरवली होती.

"अगं आई, प्रकाशक म्हणाले, आशियातली बाई म्हटली की मसाले हवेत. नाहीतर पुस्तकच निघालं नसतं."

दुसऱ्या दिवशी बिडी कारखान्यात बायका सुपं मांडीवर घेऊन माझीच वाट बघत होत्या. "वाच की, आमच्याबद्दल काय लिहिलंय?"

मी वाचायला लागले. वेलची आली की तेंदूपान म्हणत होते, उखळ आलं की सूप.

शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "तुझी लेक आपल्याला विसरली नाही, बघ."

मी पान उलटलं. पुढेही दालचिनीच होती.