एकच फाइल

"आधी हृदयाचे डॉक्टर, मग किडनीचे, मग मनाचे," मी समोरच्या पैलवानाला समजावत होते. "तिघांची वेळ मी घेतलीय. तुम्ही फक्त ही एक फाइल घेऊन जायचं."

बाबांच्या तीन फायली होत्या. स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतो, हे त्यांनी एकाही डॉक्टरला सांगितलं नाही. ते गेल्यावर ट्रंकेत रिकाम्या कुप्या सापडल्या, आणि मी इस्पितळात पेशंटची सगळ्या डॉक्टरांसाठी एकच फाइल करायची ही नोकरी धरली.

"तुम्हाला स्टेरॉइडचं इंजेक्शन कोण टोचायचं?" मी पैलवानाला विचारलं.

"ते नका लिहू, ताई. देवमाणूस होते. आता नाहीत."

"लिहावंच लागेल. त्यांच्याकडची बाकीची माणसं शोधायचीत. ती तरी वाचतील."

 तालमीतले लोक वस्तादाचं नाव घेताना करतात तसं, कानाच्या पाळीला बोट लावून त्यानं हळूच नाव सांगितलं. माझ्या बाबांचं.

फॉर्मवर मी ते आडनावासकट लिहिलं.

"आणखी कितीजणांना टोचलं?"

"तालमीतल्या सगळ्यांना. पोटच्या पोरांसारखं जपायचे हो. आम्ही एकवीस."

मी उठले आणि कपाटातून वीस कोऱ्या फायली काढल्या.