बेल्टमधली खोट

शिकवणाऱ्या बाईंनी आम्हा नव्या कामगारांना सरावाच्या परांचीवर चढवलं, प्रत्येकाच्या सेफ्टी बेल्टचा हुक पाइपला लावून घेतला आणि एक जुना बेल्ट पुढे केला. “माझे मिस्टर हाच घालून सातव्या मजल्यावरून पडले. यातली खोट शोधा.” बेल्ट हातोहात फिरला. रंगाऱ्याने शिवण ओढली, वेल्डरताईने स्प्रिंग दाबून पाहिली. दोरीवर मुंगीच्या पावलाएवढीही चीर नव्हती. “बाई, हा तर ठणठणीत आहे,” मी म्हटलं, “तुटला कुठे?” “तुटलाच नाही. सारखा हुक काढा, सारखा लावा, याचा त्यांना कंटाळा. म्हणून तो स्वतःच्याच कमरेच्या कडीत अडकवला होता. खाली सापडले, तेव्हाही हुक तिथेच होता.” बाई आमच्या कमरांकडे बघत राहिल्या. आम्हीही बघितलं. तो बेल्ट जवळून पाहता यावा म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापले हुक पाइपवरून काढून कमरेला अडकवले होते.