भाषण संपलं तिथून

"सगल्यांना सांगतेस, इचारा म्हणून. मना कवा इचारशील गो?"

कमळकाकी ओट्याच्या पायरीवर बसल्याबसल्या एवढंच बोलली, आणि मृणालीच्या हातातला चषक एकदम मणभर जड झाला.

टेमघरच्या मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत तिनं आजच पहिला नंबर मारला होता. भाषण असं ठोकलं होतं की टाळ्या थांबेनात. तिनं सांगितलं होतं, आत्महत्या उदास पावसात वाढतात असं आपण धरून चालतो, पण कितीतरी देशांत त्या वसंतात, उजेड वाढतो तेव्हाच जास्त होतात. सगळं जग खुशीत असताना एकटं माणूस आणखी एकटं पडतं. अशा वेळी त्याच्याजवळ बसा. सरळ विचारा. विचारल्यानं काही वाईट होत नाही.

महिनाभर अंजूरच्या घराच्या ह्याच ओट्यावर तिनं ते घोकलं होतं. ऐकायला एकटी काकी. शेवट आला की काकी म्हणायची, "परत बोल." भाषण आवडतंय म्हणून म्हणते, असं समजून मृणाली आणखी हातवारे करायची.

काका पावसात गेला, म्हणून पावसाळाभर घरातलं कुणी ना कुणी काकीजवळ झोपायचं. पाऊस सरला, तशी ही सोबतीची पाळीही सरली. आता लग्नसराई. शेजारी हळद होती, बेंजो वाजत होता, अख्खं घर तिकडं. विधवा म्हणून काकीला बोलावणं नव्हतं. मृणालीसुद्धा चषक दाखवून नाचायलाच पळणार होती.

लाजेनं तिचे कान तापले. महिनाभर समोर बसलेल्या काकीच्या तोंडाकडं तिनं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. चषक खाली ठेवून ती काकीला खेटून बसली.

"काकी, तुला मरावंसं वाटतं काय?"

"हां. होलीपासना."

भाषण इथंच संपत होतं. पुढचं तिला पाठ नव्हतं. तिनं काकीचा हात घट्ट धरला आणि बेंजोच्या वर जाईल अशी आईला हाक मारली.

हळदीनं माखलेल्या हातांनी आई धावत आली. सगळं ऐकून काकीला कवटाळून तिथंच बसली. "आमाला कुनाला कललं न्हाय गो. हिला कसं कललं?"

मृणालीला मान वर करवेना. काकीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हिनं इचारलं."