दुपारी चढणारं पाणी

पुन्हा पाणी वाढलं.

“बघ, दोन बोटं,” सून पडद्यावरच्या आकड्याकडे बघत म्हणाली. “नळ बंद, पाऊस नाही, आणि टाकी भरतेय.”

“टाकी कसली भरतेय? रेडिओ थापा मारतोय,” नवरा म्हणाला.

ते तिला झोंबलं. रेडिओ तिने घडवला होता. नवरा नुसता विकायचा.

खाली कारखाना, वर घर, त्याच्यावर गच्ची. इथले रेडिओ गाणी ऐकायचे नव्हेत, आकडे पाठवायचे. दूरच्या टाकीत पाणी किती आहे ते तारेशिवाय ऑफिसात कळवायचं, एवढंच त्यांचं काम. चाचणीसाठी गच्चीवर छातीभर खोल सिमेंटची टाकी बांधली होती. तिच्यात तरंगता गोळा, कडेला रेडिओ, आणि खाली हा पडदा. सकाळभर आकडा शहाण्या बाळासारखा गप्प बसायचा. जेवणं आटोपली की दोन बोटं चढायचा, थरथरायचा आणि काही वेळाने उतरायचा. उतरायचा तोही पहिल्यापेक्षा केसभर खाली.

सोमवारी पाणीखात्याचे साहेब बघायला येणार होते. त्यांनी मान हलवली तर कारखाना तरणार होता. नाहीतर सोल्डरिंग करणाऱ्या सगळ्या बायकांना घरी बसवून दाराला कुलूप.

सुनेने रेडिओ बदलला. अँटेना बदलली. गोळासुद्धा बदलला. पाणी चढायचं ते चढलंच.

“समोरच्या कंपनीचा उद्योग असणार,” सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या. “परवाच छपरावर नवी काठी उभी केलीय मेल्यांनी. शोभेला का?”

“आई, गच्चीवर कुणी जात तर नाही ना?”

“किल्ली माझ्या कमरेला आहे. चाचणी चालू असताना कुणी वर फिरकायचं नाही, हा नियम तू केलास. माणूस अँटेनेपुढे आला की आकडे अडखळतात म्हणालीस. मी असताना चिमणी जायची नाही वर.”

खरंच होतं ते. सून स्वतःसुद्धा त्या वेळी कधी वर गेली नव्हती. आणि सासूबाईंनी पहारा असा मनावर घेतला होता की दुपारची झोप सोडली होती.

“तेवढ्यासाठी जिने चढू नका. डॉक्टरांकडे परत कधी जायचं?”

“कशाला? तोकडे कपडे घालून पोहण्याच्या तलावात चाला म्हणतो. चारचौघांत डुंबायला मी काय म्हैस आहे? त्याच्यावाचून बरे होताहेत माझे गुडघे.” आणि हात न टेकता त्या उठल्या.

सोमवारी साहेबांना यायला उशीर झाला. जेवणं होऊन गेली होती. माणूस कमी बोलणारा. खुर्ची ओढून ते पडद्यासमोर बसले. आकडा जागचा हलला नाही. साहेबांनी मान हलवली. नवऱ्याने चहा सांगितला.

आणि आकडा चढला.

“नळ?” साहेबांनी विचारलं.

“बंद आहे.”

“मग?”

नवऱ्याला खोकला आला.

“टाकीत खरोखर पाणी वाढलं असेल तर तुमचा रेडिओ खरा,” साहेब उठत म्हणाले. “नसेल वाढलं तर चहा राहू द्या.”

सुनेने त्या थरथरत्या आकड्याकडे पाहिलं. इतके दिवस तिने पडद्याशी भांडण केलं होतं. टाकीत डोकवायचं मात्र राहून गेलं होतं.

“चला, वर जाऊन बघू.”

“अगं, तुझा नियम...” नवरा पुटपुटला.

“माझाच आहे ना? मग मोडतेही मीच.”

ती दोन दोन पायऱ्या चढत गेली. गच्चीच्या दाराला कुलूप नव्हतं. ढकलल्याबरोबर ते उघडलं. कठड्यावर कपडे नीट घडी घालून ठेवलेले होते. कपड्यांवर चष्मा, चष्म्याशेजारी किल्ली. मागे जिन्यात साहेबांचे बूट वाजत जवळ येत होते.

“सूनबाई,” टाकीतून आवाज आला, “चाचणी चालू असताना वर यायचं नाही, हा नियम कुणाचा?”