उजवे फूल

भैरवनाथाच्या दोन्ही खांद्यांवरची पांढरी शेवंती अजून हलली नव्हती, आणि दुपार कलू लागली होती.

मच्छिंद्रराव हात जोडून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे होते. हडपसरपलीकडचे हे गाव महापालिकेच्या हद्दीला टेकले, तरी कौलाची रीत सुटली नव्हती. मानाच्या घरच्या सुवासिनीने देवाला स्नान घालायचे आणि ओल्या पाषाणावर दोन फुले लावायची. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. कौलावाचून या घराण्याने आजवर निवडणुकीचा अर्ज भरला नव्हता.

यंदा प्रश्न विधानसभेचा होता. जिल्हा परिषदेची जागा महिलांसाठी राखीव, म्हणून त्यांच्या पत्नी आनंदीबाई सदस्य झाल्या होत्या. सही त्यांची, बैठका, भाषणे, सत्कार मच्छिंद्ररावांचे. ‘खुर्चीत बाई, माइकवर बुवा,’ असे गाव म्हणे, आणि ते त्यांना जिव्हारी लागे. एकदा तरी पाटीवर आपले स्वतःचे नाव यावे, एवढीच आस उरली होती. पक्षाने उमेदवारी त्यांनाच दिली. पर्यायी उमेदवार म्हणून आनंदीबाईंचा अर्ज शिरस्त्याप्रमाणे कालच दाखल झाला होता. मच्छिंद्ररावांचा स्वतःचा मात्र कौलासाठी अडला होता, आणि मुदत आज तीनपर्यंतच होती.

पुतण्या रविराज दारातून डोकावला. “आबा, गाडी चालूच ठेवलीय. पुढं लई ट्रॅफिक हाय.”

“मग देवाला हॉर्न वाजवून दाखव,” मच्छिंद्रराव म्हणाले.

फुलांवरची नजर काढावी म्हणून त्यांनी ती लावणाऱ्या पत्नीकडे पाहिले. मेणावर रेखलेले ठसठशीत कुंकू ही आनंदीबाईंची ओळख. सारा तालुका त्यांना त्यावरून ओळखे. आज ते घामाने नाकापर्यंत ओघळले होते.

“कपाळ नीट कर. फोटोवाले यायचेत.”

“मेण संपलं हो,” त्या शांतपणे म्हणाल्या, आणि समईची वात पुढे सारली.

तेवढ्यात डावे फूल थरथरले, कलले आणि देवाच्या पायांशी पडले.

मच्छिंद्ररावांनी गाडी बंद करायला सांगितली. पक्षाचे फोन वाजत राहिले, पण नाथाच्या शब्दाबाहेर ते गेले नाहीत. तीन वाजून गेले, आणि उमेदवारी पर्यायी अर्जावर आनंदीबाईंकडे आली. बाई निवडून आली काय नि मी काय, कारभार एकाच घरात, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

न पडलेले फूल निकालापर्यंत उतरवायचे नाही, असाही दंडक होता. ते सुकले, तपकिरी झाले, तरी जागचे ढळेना. देवाचा नकार केवढा ठाम, म्हणत लोक मुद्दाम दर्शनाला येऊ लागले. त्या निष्ठुर फुलाने मच्छिंद्ररावांचेही मन हळूहळू निवले.

निकालाच्या दिवशी गुलालाने माखलेल्या आमदार आनंदीबाई मुंबईला निघाल्या. कपाळावर कुंकू पूर्ववत रेखीव होते. मच्छिंद्रराव शेजारी बसू लागले, तेव्हा त्यांनी गाडीच्या दारावर हात ठेवला.

“अहो, तुम्ही राहा. तिथं माझं मी बोलेन. नाथाचं फूल तेवढं उतरवा.”

देवळात कोणी नव्हते. मच्छिंद्ररावांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि फूल हलकेच ओढले. वाळक्या पाकळ्या हाती आल्या. देठ पाषाणावरच राहिला, कुंकवाने लालसर झालेल्या मेणात रुतलेला.