गल्लीने जाऊ

"बाण सरळ दाखवतोय बाबा. सरळच घेऊ ना?" लेक म्हणाली.

"सरळ म्हणजे शिंप्याच्या माजघरातून? काही जनाची लाज?" मोजणीदारांनी हातातलं यंत्र डोळ्यांजवळ नेलं. "डावीकडे घे. गल्लीने जाऊ."

लेकीने डावीकडे घेतलं. तिला पुढचं दिसत नव्हतं. सगळी भिस्त बाबांवर.

यंत्र मुठीत मावेल एवढं, लेकीने कालच आणलेलं. जुन्या नकाशावरून घराचे अक्षांश-रेखांश मोजणीदारांनी स्वतः काढून त्यात भरले होते. उभा जन्म साखळी ओढून जमिनी मोजल्या, पण हे म्हणजे अजबच! वर कुठेतरी उपग्रह फिरतात काय आणि मुंगीएवढ्या तिघांना अचूक हुडकतात काय! पडद्यावर त्यांच्याच वाटेची रेघ उमटत होती. परतताना तिलाच धरून यायचं. मोजणीदारांच्या अंगावर काटा आला.

"त्या डबड्याला काय कळतंय आपलं घर?" बायको म्हणाली.

तिच्या मुठीत किल्ली होती. घर सोडताना तिने दाराला कुलूप लावलं, तेव्हा अख्खं गाव हसलं होतं. मोजणीदारही हसले होते. पुढे भाड्याची घरं बदलत गेली, उशाखालची किल्ली तीच राहिली. आता गुडघे गेले, नजरही चालली. एकदा आपल्या दाराशी न्या, एवढाच तिचा धोशा होता. मागे दोनदा मोजणीदारांनी अंदाजाने आणलं होतं. "हे आपलंच कशावरून?" तिने विचारलं होतं, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी ठरवून देणारा माणूस तसाच माघारी फिरला होता.

"आता उजवीकडे. जपून, न्हाव्याची पायरी रस्त्यात आलीय."

"नाही लागत पायरी," लेक हसली. डोळे मात्र भरून आले होते.

"ही शाळा," बायको पुटपुटली. "इथेच भोकाड पसरायचीस तू."

"आई, पुरे हं!"

अंतराचा आकडा उतरत चालला. तेवढ्यात यंत्र बारीक आवाजात वाजलं आणि पडद्यावर शब्द उमटला: घर.

"थांब, थांब! आलो."

"नक्की?" बायकोने विचारलं.

"नक्की. चुकलंच तर दोन-चार पावलं इकडेतिकडे. फार तर ओट्यावर असू."

"ओटा तरी आपलाच ना," ती म्हणाली, आणि कितीतरी वर्षांनी खुदकन हसली.

लेकीने वल्ही आत घेतली. होडी डुलत डुलत स्थिर झाली. बायकोने वाकून धरणाच्या पाण्यात किल्ली सोडली, आणि उन्हात चमकत ती खाली, आपल्या दाराकडे निघाली.