आखडलेली

डॉक्टरांनी रचनाच्या गालाची कातडी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. ती चिमटीत आलीच नाही.

"जरा हसा बरं," डॉक्टर म्हणाल्या.

रचना त्यांच्याकडे बघत राहिली.

"हसा ना."

"हसतेय," रचना म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या रत्नपालने मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं.

डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट बाजूला ठेवले. "हा साधा आमवात नाही. याला स्क्लेरोडर्मा म्हणतात. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं. कातडी आवळत जाते, मग आतले अवयवही." त्यांनी छातीचा स्कॅन उजेडासमोर धरला. "फुफ्फुसं खालून कडक झालीत. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. "औषधाने वेग कमी होतो. सगळ्यांचा होतोच असं नाही. गेलंय ते मात्र परत येणार नाही."

"आणि चेहरा?" रत्नपालने विचारलं.

"चेहऱ्याचं नंतर बघू. आधी श्वास."

दोघं अलिबागहून गाडीने निघाले. काशीद गेलं, मुरुड गेलं. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवली आणि दोघं खाली उतरून कठड्याशी उभे राहिले. तेवढ्यानेही रचनाला धाप लागली. पलीकडे दिघी, तिथून पुढे बोर्ली, घर.

घरी रत्नपालची आई सगळ्यांना सांगायची, सून तोंड फुगवून असते, तिचा जीव न्हाय आपल्या घरात. धाकट्या भावाच्या लग्नातल्या प्रत्येक फोटोत रचना तशीच होती. मग रत्नपालनेही मानून टाकलं. गेलं वर्षभर तो बाहेरच्या खोलीत झोपत होता. बोलायचा तो कामापुरतं.

"मला सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. तोंड आखडल्यासारखं वाटतंय म्हटलं होतं." श्वासासाठी ती थांबली. "तुम्ही म्हणालात, तू सगळीच आखडलीस. शाळेत नोकरी लागल्यापासून."

त्याला ते आठवलं. जेवता जेवता म्हणाला होता. आई हसली होती.

बोट खाडीच्या मध्यावर आली. वारा वाढला. त्याने कठड्यावरचा तिचा हात आपल्या हातात घेतला. थंडगार होता, कातडी ताणून चकाकत होती. त्याने तो घट्ट दाबला आणि वाट पाहिली.

तिची बोटं त्याच्या हातावर मिटली नाहीत. त्याने वर पाहिलं. ती दिघीच्या धक्क्याकडे बघत होती. बोटं वळत नव्हती, की तिला वळवायचीच नव्हती, हे त्या चेहऱ्यावरून कळायला आता काहीच मार्ग नव्हता.

विचारायचा त्याला धीर झाला नाही.